डोळ्याच्या बाहुलीत डोकावणारा हेल्महोल्ट्झ

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने एका शास्त्रज्ञाचे चरित्र लिहायला घ्यावे याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. जमाखर्च आणि कंपनी कायदा सोडून हा भौतिकशास्त्रात कशाला शिरला, असे वर्गातल्या मित्रांनी मला विचारलेही. पण ज्या घरात मधुमेह आहे त्या घरातल्या माणसाला हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ हे नाव ठाऊक असावे, असे मला वाटते. मधुमेही माणसाच्या डोळ्याचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, आतून पोखरला जात असतो, तेव्हा सुरुवातीला त्याला स्वतःला काहीच कळत नाही. दुखत नाही, अंधूक दिसत नाही. पण समोर बसलेल्या डॉक्टरला मात्र ते दिसू शकते. हे दिसणे ज्याच्यामुळे शक्य झाले तो हा माणूस. तो डोळ्यांचा डॉक्टर नव्हता. खरे तर त्याला डॉक्टरच व्हायचे नव्हते.

हेल्महोल्ट्झचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी बर्लिनजवळच्या पॉट्सडॅम या गावी झाला. वडील तिथल्याच शाळेत शिक्षक. त्यांना भाषांची आणि तत्त्वज्ञानाची गोडी. घरात पुस्तके पुष्कळ आणि पैसा बेताचा. मुलगा लहानपणी सारखा आजारी असे. घरात बसून लाकडी ठोकळ्यांशी खेळता खेळता आकारांचे नियम त्याला इतके कळून चुकले होते की, शाळेत भूमिती सुरू झाली तेव्हा त्यात त्याला फारसे नवे उरले नव्हते. पाठांतर मात्र त्याला जड जाई. एकमेकांशी संबंध नसलेले शब्द, व्याकरणातले अपवाद, असले काही डोक्यात टिकत नसे. वर्गात लॅटिनचा पाठ चालू असताना हा मुलगा बाकाखाली कागद धरून दुर्बिणीतून किरण कसे जातात याच्या आकृत्या काढी. पाठांतरात मागे पडणाऱ्या आमच्यासारख्यांना ही माहिती दिलासा देणारी आहे!

विद्यापीठात जाऊन भौतिकशास्त्र शिकावे ही त्याची इच्छा. पण त्या काळी निव्वळ त्या विषयावर पोट भरणे अवघड होते, आणि वडिलांना विद्यापीठाचा खर्च झेपणारा नव्हता. बर्लिनमध्ये लष्करासाठी डॉक्टर तयार करणारी एक सरकारी संस्था होती. तिथे शिक्षण फुकट. बदल्यात पुढे आठ वर्षे लष्करात डॉक्टर म्हणून नोकरी करायची. आज आपण ज्याला बाँड म्हणतो तोच हा प्रकार. १८३८ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, हेल्महोल्ट्झने तो पत्करला.

तिथे त्याला योहानेस म्युलर हा थोर शिक्षक भेटला, आणि एमील द्यू बुआ-रेमाँ व एर्न्स्ट ब्रुके हे जन्मभराचे मित्र मिळाले. सजीवांच्या शरीरात एक निराळी प्राणशक्ती असते असे म्युलर मानी. या तरुणांना ते पटत नव्हते. शरीरातही तेच नियम चालतात जे दगडाला आणि वाफेच्या यंत्राला लागू आहेत, असा त्यांचा आग्रह होता. विद्यार्थी असतानाच हेल्महोल्ट्झला टायफसचा ताप आला. विद्यार्थी म्हणून रुग्णालयातले उपचार फुकट झाले आणि तेवढे दिवस हाती येणारा भत्ता शिल्लक राहिला. त्या शिलकीतून त्याने एक साधा सूक्ष्मदर्शक विकत घेतला आणि त्याच्याच मदतीने १८४२ साली मज्जातंतूंवरचा आपला प्रबंध पुरा केला. आजारपणातून एवढा नफा काढणारा माणूस विरळाच.

पुढे पॉट्सडॅमच्या लष्करी तुकडीत नोकरी. दिवसा शिपायांची दुखणी पाहायची आणि उरलेल्या वेळात बराकीतच मांडलेल्या छोट्या प्रयोगशाळेत बेडकाच्या स्नायूंत किती उष्णता निर्माण होते ते मोजायचे. त्यातूनच २३ जुलै १८४७ रोजी बर्लिनच्या भौतिकशास्त्र मंडळापुढे त्याने ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचा निबंध वाचला. ऊर्जा नवी निर्माण होत नाही की नाहीशी होत नाही, ती फक्त रूप बदलते. आमच्या भाषेत सांगायचे तर एका खात्यातून गेलेली रक्कम दुसऱ्या खात्यात सापडलीच पाहिजे, सृष्टीची तेरीज नेहमी जुळते. पोगेनडॉर्फ या संपादकाने हा निबंध आपल्या नियतकालिकात छापायला नकार दिला, म्हणून तो स्वतंत्र पुस्तिका म्हणून निघाला. त्या वेळी लेखकाचे वय सव्वीस होते. पुढच्याच वर्षी आलेक्सांडर फॉन हुम्बोल्टच्या शब्दामुळे बाँडची मुदत पुरी होण्याआधीच त्याची लष्करातून सुटका झाली. १८४९ मध्ये क्योनिग्सबर्ग येथे शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक म्हणून तो रुजू झाला. हे शहर तेव्हा प्रशियात होते. आज ते कालिनिनग्राद या नावाने रशियात आहे. त्याच वर्षी ओल्गा फॉन फेल्टन हिच्याशी त्याचा विवाह झाला. मज्जातंतूतून संवेदना किती वेगाने जाते हे कधी मोजता येणार नाही, असे गुरू म्युलरचे मत होते. शिष्याने बेडकाच्या पायावर ते मोजून दाखवले : सेकंदाला सुमारे २७ मीटर.

आता डोळ्याकडे येऊ.

डोळ्याच्या मध्यभागच्या काळ्या वर्तुळाला आपण मराठीत बाहुली म्हणतो. आमच्या कन्नड मित्रांच्या भाषेत ती पापे, आणि त्या शब्दातही बाहुलीच दडलेली आहे. लॅटिनमध्येही तेच. निरनिराळ्या भाषांना एकच शब्द सुचला याचे कारण उघड आहे. कोणाच्याही डोळ्यात जवळून पाहिले की आपलीच इवलीशी प्रतिमा दिसते. हजारो वर्षे माणसाने दुसऱ्याच्या डोळ्यात डोकावून स्वतःलाच पाहिले. आतले काही त्याला दिसले नाही. वरून डोळा स्वच्छ आणि दृष्टी मात्र गेलेली, अशा रोग्यांपुढे वैद्य हतबल होत. ज्या रोगात रोग्यालाही काही दिसत नाही आणि वैद्यालाही काही दिसत नाही तो हा रोग, अशी जुन्या डॉक्टरांत थट्टा चाले.

मांजराचे डोळे रात्री चमकतात हे सर्वांना माहीत आहे. माणसाचा डोळाही योग्य दिशेने पाहिल्यास तांबूस चमकतो, हे १८४६ साली इंग्लंडमध्ये कमिंगने आणि त्याच सुमारास ब्रुकेनेही दाखवून दिले होते. १८५० साली क्योनिग्सबर्गच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट समजावून सांगायची म्हणून हेल्महोल्ट्झ व्याख्यानाची तयारी करीत होता. तयारी करता करता त्याला प्रश्न पडला : डोळ्यातून परत येणारे हे किरण जातात कुठे, आणि ते कशाची प्रतिमा तयार करतात? ब्रुके या प्रश्नाच्या अगदी दारापर्यंत पोचला होता. त्याने तो विचारला नाही एवढेच.

उत्तर शाळेत बाकाखाली काढलेल्या आकृत्यांतलेच होते. दिव्याचा उजेड बाहुलीतून आत शिरतो, भिंगातून जाऊन मागच्या पडद्यावर पडतो. पडद्यावरून उलटलेला उजेड पुन्हा त्याच भिंगातून बाहेर येतो, आणि आल्या वाटेने दिव्याकडेच परत जातो. म्हणजे तो पाहायचा तर आपला डोळा नेमका दिव्याच्या जागी हवा. दिव्याच्या पुढे डोके घातले तर उजेडच अडतो आणि दिव्याच्या मागे गेलो तर ज्योत आड येते. बाहुली काळी दिसते ती यामुळे. आत अंधार असतो म्हणून नव्हे, तर पाहणाराच उजेडाच्या वाटेत उभा असतो म्हणून.

यावरची तोड इतकी साधी आहे की वाचताना हसू येते. खडे बाजारातल्या एखाद्या दुकानाच्या काचेसमोर आपण उभे राहतो तेव्हा आतला मालही दिसतो आणि आपला चेहराही दिसतो. काच थोडा उजेड परतवते आणि थोडा पलीकडे जाऊ देते. हेल्महोल्ट्झने रोग्याच्या डोळ्यासमोर अशी काच तिरपी धरली. बाजूला ठेवलेल्या दिव्याचा उजेड तिच्यावर आपटून डोळ्यात जाई. डोळ्यातून परतलेल्या उजेडाचा काही भाग काचेतून आरपार येई आणि काचेमागे बसलेल्याला तो दिसे. एका काचेने उजेड पुरेना म्हणून त्याने पातळ काचा एकावर एक ठेवल्या. किरण नीट जुळावेत म्हणून मध्ये अंतर्गोल भिंग घातले. पुठ्ठा, सरस, चष्म्याची भिंगे आणि सूक्ष्मदर्शकाच्या काचा, एवढेच साहित्य. जुळवाजुळवीत आठवडाभर गेला. पहिले काही दिवस काही दिसेना. आपला हिशेब बरोबर आहे याची खात्री नसती तर त्याने ते सोडून दिले असते. आणि मग एके दिवशी जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा, त्यावर पसरलेल्या रक्तवाहिन्यांसह, स्पष्ट दिसला.

६ डिसेंबर १८५० रोजी ही बातमी बर्लिनच्या मंडळाला कळवली गेली. १७ डिसेंबरला त्याने वडिलांना पत्र लिहून सर्व हकीकत सांगितली. शाळेत शिकवतात त्याहून अधिक प्रकाशशास्त्र या शोधाला लागले नाही, असे त्याने त्यात कळवले होते. १८५१ साली छोटे पुस्तक निघाले आणि त्यात यंत्राची रचना, मापे, कोन सारे काही दिलेले होते. ज्याला बनवायचे त्याने बनवावे. रेकॉस नावाच्या स्थानिक कारागिराने भिंगे बदलण्यासाठी फिरती चकती जोडून ते वापरायला सुलभ केले. यालाच पुढे ऑफ्थॅल्मोस्कोप म्हणू लागले. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने १८४७ च्या सुमारास असेच काहीसे उपकरण करून एका नामांकित नेत्रवैद्याला दाखवले होते. पण त्या वैद्याला त्याचे महत्त्व कळले नाही आणि ते तसेच पडून राहिले. शोध लागणे आणि तो जगापुढे येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डॉक्टरांनी ते लगेच डोक्यावर घेतले असे समजू नका. एका प्रसिद्ध शल्यवैद्याने आपण हे कधीच वापरणार नाही असे सांगितले. आजारी डोळ्यात उघडा उजेड सोडणे त्याला धोक्याचे वाटले. दुसऱ्याचे म्हणणे असे की, ज्या डॉक्टरांची नजर अधू आहे त्यांना याचा उपयोग होईल, आपली नजर चांगली आहे. पण बर्लिनचा तरुण आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे मात्र हर्षाने वेडा झाला. त्या आरशातून पाहून त्याने आणि त्याच्या पिढीने काही वर्षांतच नेत्रवैद्यकाचे रूप पालटले.

मधुमेहाचा संबंध इथे येतो. शोधाला पाच वर्षेही पुरी होतात न होतात तोच, १८५५ च्या सुमारास, व्हिएन्नाच्या एडुआर्ड फॉन येगरला एका मधुमेही रोग्याच्या पडद्यावर पिवळसर डाग आणि रक्ताचे ठिपके दिसले. हे मधुमेहामुळे झाले असावे असे त्याने मांडले. खुद्द ग्रेफेला ते पटले नाही. दोघेही त्याच आरशातून पाहणारे, दोघेही निष्णात. पण दिसणे एक आणि दिसलेल्याचे कारण ठरवणे दुसरे. अशा रोग्यांना बहुधा मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा विकारही असे, त्यामुळे दोष कोणाच्या खाती टाकायचा हा वाद दीर्घकाळ चालला. १८७२ मध्ये लंडनच्या नेटलशिपने येगरच्या बाजूने पुरावा दिला, १८९० मध्ये बर्लिनच्या हिर्शबर्गने या विकाराचे प्रकार पाडले, आणि १९४३ साली ग्लासगोच्या बॅलंटाइनच्या कामानंतर मधुमेहाचा स्वतंत्र दोष सर्वमान्य होऊ लागला. मला यात येगरचे कौतुक वाटते. आपल्याहून मोठ्या नावाच्या माणसाने नाकारले तरी डोळ्याने पाहिलेले त्याने कागदावर उतरवून ठेवले.

कागदावर, कारण तेव्हा पडद्याची चित्रे हाताने रंगवावी लागत. डोळ्याच्या पडद्याचे छायाचित्र इंग्लंडमध्ये जॅकमन आणि वेबस्टर यांनी १८८६ साली प्रसिद्ध केले. त्यासाठी रोग्याला अडीच मिनिटे निश्चल बसावे लागले होते. १९२६ साली झाइस कंपनीचा पडद्याचा कॅमेरा बाजारात आला. १९६१ मध्ये अमेरिकेतील नोव्होटनी आणि आल्व्हिस या दोघांनी, वैद्यकीय विद्यार्थी असताना, शिरेत रंग टोचून पडद्यातल्या रक्तवाहिन्यांची छायाचित्रे घेण्याची रीत प्रसिद्ध केली. १९९१ पासून प्रकाशाच्या साहाय्याने पडद्याचे उभे थर दाखवणारे ओसीटी यंत्र आले. २०१६ मध्ये संगणकाला हजारो छायाचित्रे दाखवून रोग ओळखायला शिकवल्याचा निबंध आला. त्याला शिकवण्यासाठी वापरलेल्या छायाचित्रांत मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयातील आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील छायाचित्रे होती. या साऱ्या यंत्रांपुढे तो जुना प्रश्न आहेच : उजेड आत कसा सोडायचा आणि परतणारा उजेड कसा पकडायचा.

आमच्या आज्जीला बरीच वर्षे शुगर आहे. डॉक्टरांनी वर्षातून एकदा डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढायला सांगितला होता, पण ती दाद देत नसे. अजून सुईत दोरा ओवते, पंचांगातली बारीक अक्षरे वाचते, मग फोटो कशाला, हे तिचे म्हणणे. शिवाय बाहुली मोठी करण्यासाठी थेंब घातले की दोन-चार तास सगळे अंधूक दिसते, हेही तिने शेजारणीकडून ऐकलेले. शेवटी मामाने तिला रिक्षात घालून नेले, बरोबर मी होतो. भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळ तिने घडाघडा वाचली. आणि नंतर पडद्यावर आलेल्या फोटोत, नारिंगी गोलावर झाडाच्या मुळांसारख्या पसरलेल्या रक्तवाहिन्यांच्या कडेला, डॉक्टरांनी टाचणीच्या टोकाएवढे चार लाल ठिपके दाखवले. साखरेमुळे बारीक वाहिन्यांची भिंत दुबळी होते, तिथे फुगा येतो, पुढे त्यातून रक्त आणि चरबीयुक्त द्रव पाझरतो. पडद्याचा मधला, वाचण्याचा भाग शाबूत आहे तोवर माणसाला पत्ता लागत नाही. त्या दिवशी तिला डोळ्यासाठी औषध दिले नाही; साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवण्यास बजावले आणि पुढची तारीख दिली. रोग वाढलाच तर लेसर आहे, डोळ्यात देण्याची इंजेक्शने आहेत. लेसरने गंभीर दृष्टिनाश निम्म्याहून कमी होतो हे अमेरिकेतील मोठ्या चाचणीत १९७६ साली सिद्ध झाले. मात्र गेलेली नजर सहसा परत येत नाही, असलेली राखता येते. भारतात मधुमेहींची संख्या १० कोटींवर असल्याचा अंदाज २०२३ साली आयसीएमआरच्या पाहणीत प्रसिद्ध झाला. त्यांतले कितीजण सुईत दोरा ओवता येतो म्हणून घरी बसले असतील, याचा हिशेब कोणी मांडायचा?

विषयांतर फार झाले. आरशाने हेल्महोल्ट्झला जगभर नाव मिळवून दिले आणि संशोधनाला सरकारी मदत मिळणे सोपे झाले. १८५५ मध्ये तो बॉन येथे आणि १८५८ मध्ये हायडेलबर्गला गेला. १८५९ हे वर्ष त्याला फार वाईट गेले. जूनमध्ये वडील वारले आणि डिसेंबरअखेर, दीर्घ आजारानंतर, ओल्गाही गेली. दोन लहान मुले पदरात होती. दीड वर्षाने त्याने आना फॉन मोल हिच्याशी विवाह केला. या सगळ्या काळात दृष्टीवरचा त्याचा तीन भागांचा महाग्रंथ चालूच होता; १८५६ ते १८६७ अशी अकरा वर्षे तो निघत राहिला. तांबडा, हिरवा आणि निळा-जांभळा या तीन संवेदनांतून सर्व रंग उमगतात ही थॉमस यंगची कल्पना त्याने पायावर उभी केली. मध्येच १८६३ साली स्वर आणि कान यांवरचा मोठा ग्रंथही त्याने लिहिला.

१८७१ साली तो बर्लिनला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. पैशाअभावी जो विषय सोडावा लागला होता तो पन्नाशीत त्याच्या हाती आला. हाइनरिख हर्ट्झसारखा शिष्य त्याने घडवला. वर्गातले शिकवणे मात्र रटाळ होते, असे त्याचा विद्यार्थी मॅक्स प्लांक याने नमूद करून ठेवले आहे : तयारी नाही, बोलणे अडखळत, फळ्यावरची गणिते चुकत आणि वर्ग हळूहळू रिकामा होई. ज्याला व्याख्यानाच्या तयारीतून जन्माचा शोध लागला त्याच्याविषयी हे वाचून गंमत वाटते.

१८८३ मध्ये त्याला सरदारकी मिळून नावात फॉन आले. १८८६ साली हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांनी ग्रेफेच्या नावाचे पहिले पदक त्याला दिले. ग्रेफे तोवर हयात नव्हता, तो १८७० मध्येच बेचाळिसाव्या वर्षी वारला होता. सत्काराला उत्तर देताना हेल्महोल्ट्झने स्वतःला मूर्तिकाराची छिन्नी घडवून देणाऱ्या लोहाराच्या जागी ठेवले. मूर्ती घडवली ती ग्रेफेसारख्यांनी, असा त्याचा आशय होता. १८८८ मध्ये शार्लोटेनबर्ग येथील राष्ट्रीय मापन संस्थेचा तो पहिला अध्यक्ष झाला. पुढच्याच वर्षी मुलगा रोबर्ट, जो स्वतः भौतिकशास्त्राच्या वाटेवर होता, वारला. १८९३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनाहून परत येताना तो जहाजाच्या जिन्यावरून पडला आणि डोक्याला मार बसला. त्यातून तो पुरता सावरला नाही. पुढच्या जुलैत पक्षाघात झाला आणि ८ सप्टेंबर १८९४ रोजी शार्लोटेनबर्ग येथे त्याचा मृत्यू झाला. मधुमेहाने पडद्यावर उमटणारे ठिपके तोवर डॉक्टरांना दिसू लागले होते, पण ते पाहून करण्यासारखे त्यांच्या हाती काही नव्हते. इन्शुलिन माणसाला पहिल्यांदा टोचले गेले ते १९२२ साली, त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी.